लिंगशैथिल्यावरील औषधांची चिठ्ठीविना खरेदी

लिंगशैथिल्यावरील औषधांची चिठ्ठीविना खरेदी म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारख्या गोळ्या औषधांच्या दुकानातून विकत घेणे. भारतात या गोळ्या केवळ चिठ्ठीवर विकण्याच्या औषधांत मोडतात. तरीही त्या मागताक्षणी मिळतात, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो निराधार नाही. या औषधांची छापील किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात असते. मात्र चिठ्ठी टळली की तिच्यासोबत होणारी विचारपूस व तपासणीही टळते. त्यामुळे औषधाची किंमत आणि खरेदीची किंमत या दोन वेगळ्या बाबी ठरतात. प्रस्तुत लेखात या खरेदीचा कायदा, खर्च व धोके यांचा महाराष्ट्राच्या, विशेषतः ठाणे जिल्ह्यातील वांगणी व उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

संज्ञा

समागमासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, या तक्रारीला वैद्यकात लिंगशैथिल्य म्हणतात. एखाद्या वेळी असे होणे हा विकार नव्हे. तक्रार काही महिने सातत्याने राहिली, तरच तिला विकार मानले जाते. बोलीभाषेत यासाठी ‘नामर्दी’, ‘कमजोरी’, ‘नपुंसकत्व’ असे शब्द वापरले जातात. हे शब्द दुरुस्त होऊ शकणाऱ्या शारीरिक तक्रारीला पुरुषाच्या लायकीवरील शेरा बनवतात. ‘नपुंसकत्व’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. लिंगशैथिल्य आणि वंध्यत्व या दोन भिन्न गोष्टी असून एक असताना दुसरी असेलच असे नाही. बाजारात या गोळ्यांना ‘ताकदीची गोळी’ म्हणतात, तेही चूक आहे. त्यांनी ताकद वाढत नाही, इच्छाही वाढत नाही.

ही तक्रार विरळ नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४० ते ७० वर्षे वयोगटातील ५२ टक्के पुरुषांना ती कमी-अधिक प्रमाणात असल्याचे आढळले होते. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, दारू, काही औषधे, नैराश्य व चिंता ही तिची प्रमुख कारणे होत.

औषधाचे कार्य

लैंगिक उत्तेजना झाल्यावर लिंगातील चेतातंतू व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवतो. त्याच्यामुळे सीजीएमपी हे द्रव्य तयार होते, स्नायू सैलावतात आणि रक्त आत येऊन ताठरता येते. पीडीई-५ नावाचे विकर हे द्रव्य मोडून टाकते. सिल्डेनाफिल व तत्सम औषधे त्या विकराला रोखतात. म्हणजे शरीराने सुरू केलेली क्रिया ती लांबवतात, स्वतः सुरू करत नाहीत. उत्तेजनेवाचून गोळीचा उपयोग होत नाही, तो याच कारणाने. शरीरातील नायट्रिक ऑक्साइडचे कार्य उलगडून दाखविल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सिल्डेनाफिल साधारण तासाभरात काम करू लागते व त्याचा प्रभाव चार-पाच तास राहतो. तेलकट-तुपकट जेवणानंतर घेतल्यास तो उशिरा जाणवतो. टाडालाफिलचा प्रभाव सुमारे ३६ तासांपर्यंत टिकतो. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, अपचन हे नेहमीचे दुष्परिणाम असून काहींना काही काळ वस्तूंवर निळसर छटा दिसते. ताठरता चार तासांहून अधिक राहिली, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था मानली जाते.

इतिहास

सिल्डेनाफिलचा शोध फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत लागला. हृदयशूळावरील औषध म्हणून त्याच्या चाचण्या चालू असताना त्याचा हा दुसरा परिणाम ध्यानात आला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि ‘व्हायग्रा’ हे नाव जगभर पोहोचले. व्हार्डेनाफिल व टाडालाफिल यांना तेथे २००३ मध्ये मान्यता मिळाली.

भारतातील कथा वेगळी आहे व ती स्वस्ताईचे मूळ कारण सांगते. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधाच्या उत्पादनप्रक्रियेला पेटंट मिळत असे, औषधाला नाही. त्यामुळे निराळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविण्यास भारतीय कंपन्या मोकळ्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच कॅव्हर्टा, पेनेग्रा, सिलाग्रा, कामाग्रा अशा नावांनी देशी सिल्डेनाफिल बाजारात आले. त्यांपैकी कामाग्रा हे मुंबईत मुख्यालय असलेल्या अजंता फार्मा या कंपनीचे उत्पादन होय. मूळ व्हायग्रा भारतात अधिकृतपणे आली ती २००५ च्या अखेरीस. तिच्या एका गोळीला शेकड्यांत पैसे पडत, आणि तोवर देशी गोळ्यांनी बाजारात पाय रोवले होते. २००५ मध्ये कायदा बदलून औषधालाही पेटंट देण्याची तरतूद झाली. पण सिल्डेनाफिलच्या बाबतीत स्पर्धा केव्हाच सुरू झालेली होती.

कायदा

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम या विक्रीला लागू होतात. सिल्डेनाफिल अनुसूची ‘एच’मध्ये आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर आरएक्स हे चिन्ह, डाव्या बाजूस लाल उभी रेघ आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये ही सूचना छापावी लागते. या गोळ्यांच्या अनेक पाकिटांवर तर मूत्ररोग, मानसरोग, अंतःस्रावी ग्रंथी, त्वचारोग वा गुप्तरोग यांच्या तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच विक्री करावी, असेही लिहिलेले आढळते. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता व औषधाचे प्रमाण हवे. डॉक्टरांनी तसे नमूद केले नसेल, तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हावी आणि तिचे बिल द्यावे, हेही बंधनकारक आहे. नियम मोडल्यास दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्लंड-अमेरिकेत ‘ओव्हर द काउंटर’ हा औषधांचा मान्य वर्ग आहे. भारतीय नियमांत चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या औषधांची अशी स्वतंत्र व्याख्याच केलेली नाही. जे औषध चिठ्ठीच्या अनुसूचींत नाही ते व्यवहारात मोकळे समजले जाते. म्हणून ‘मेडिकलमध्ये नुसते मागून मिळते’ या वस्तुस्थितीवरून ‘म्हणजे ते तसे घेण्यास परवानगी आहे’ असा निष्कर्ष ग्राहक काढतो.

महाराष्ट्रात अंमलबजावणीचे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. महेश झगडे आयुक्त असताना, या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी, दुकानात फार्मासिस्टची उपस्थिती, चिठ्ठी व बिल यांबाबत राज्यभर कडक मोहीम राबविण्यात आली. औषध विक्रेत्यांच्या संघटनेने तिला बंद पुकारून विरोध केला. एप्रिल २०१५ मध्ये याच प्रशासनाने स्नॅपडील या ऑनलाइन बाजारपेठेविरुद्ध चिठ्ठीची औषधे विकली जात असल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. त्या औषधांत व्हिगोरा या सिल्डेनाफिलच्या गोळ्यांचा समावेश होता. अशा प्रकरणांत खरा प्रश्न जबाबदारी कोणाची हा असतो. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून सुहाग्रा-१०० या गोळ्यांची विक्री झाल्याबद्दल कर्नाटकात चाललेला स्वतंत्र खटला तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला. बाजारपेठ केवळ मध्यस्थ आहे व माहिती तंत्रज्ञान कायद्याचे संरक्षण तिला मिळते, असे न्यायालयाने मानले.

वांगणी व परिसर

वांगणी हे अंबरनाथ तालुक्यातील उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव असून मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत उपनगरी मार्गावर बदलापूर व शेलू यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून येथे आलेल्या नोकरदारांची वस्ती मोठी आहे. दिवसाचे कित्येक तास प्रवासात, अपुरी झोप, स्थानकावरचे खाणे, तंबाखू अशी जीवनपद्धती ज्या विकारांना निमंत्रण देते, त्यांत मधुमेह व रक्तदाब अग्रक्रमाने येतात, आणि लिंगशैथिल्याची मुळे बहुधा तेथेच असतात.

गावातील दुकानदार ओळखीचा असतो. घरातल्या सर्वांची औषधे त्याच्याचकडून येतात. अशा दुकानात ही गोळी मागणे संकोचाचे वाटते, म्हणून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर किंवा कल्याणला, अनोळखी दुकानात खरेदी करण्याकडे कल होतो. रेल्वेचा मासिक पास असलेल्याला त्यासाठी वेगळे भाडेही पडत नाही. या सोयीचा तोटा असा की, ज्या दुकानदाराला ग्राहकाची रोजची हृदयविकाराची गोळी ठाऊक आहे, नेमका तोच या व्यवहारातून वगळला जातो. अनोळखी दुकानातला व्यवहार बहुधा गर्दी ओसरल्यावर, हलक्या आवाजात, एका नावापुरता होतो. पट्टीतून एक-दोन गोळ्या कापून दिल्या जातात, आणि कापलेल्या तुकड्यावर बॅच क्रमांक, मुदत किंवा सूचना यांतले काही ना काही हरवते.

वांगणीच्या बाबतीत या शेवटच्या मुद्द्याला विशेष अर्थ आहे. गावात अनेक दृष्टिहीन कुटुंबे स्थायिक झाली असून त्यांतील बरेच जण लोकल गाड्यांत किरकोळ वस्तू विकून चरितार्थ चालवतात. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर त्याचे नाव ब्रेल लिपीत देणे सक्तीचे आहे. भारतीय गोळ्यांच्या पट्टीवर सामान्यतः ब्रेल नसते. दृष्टिहीन ग्राहकासाठी पट्टीवरची लाल रेघ व सूचना नसल्यातच जमा; त्याला मिळणारी माहिती म्हणजे फार्मासिस्ट तोंडाने जे सांगेल तेवढीच.

किंमत

भारतीय बनावटीच्या सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीची छापील किंमत ब्रँडनुसार बदलते. ती साधारणपणे वीस-पंचवीस रुपयांपासून पन्नास रुपयांच्या आसपास असते आणि पाकीट बहुधा चार गोळ्यांचे असते. १०० मिलिग्रॅमच्या गोळीला दुप्पट पैसे पडत नाहीत. त्यामुळे ‘थोडे जास्त देऊन मोठी’ घेण्याचा मोह होतो. पण सर्वसाधारण सुरुवातीचे प्रमाण ५० मिलिग्रॅम असून पासष्टीपुढील किंवा यकृत-मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते. जादा मात्रेने गुण वाढतोच असे नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात.

रसायन एकच असताना किमतींत एवढी तफावत का, याचे उत्तर ब्रँडच्या नावात व विक्रेत्याला मिळणाऱ्या नफ्यात आहे. जनऔषधी केंद्रांतील बिननावाची औषधे एरवी बाजारभावाच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. शासकीय किंमत-नियंत्रणाच्या यादीत नसलेल्या औषधाची कमाल किरकोळ किंमतही उत्पादकाला वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. हे सर्व लाभ मिळतात ते पाकिटावरील छापील किमतीने व बिलासह खरेदी करणाऱ्याला. संकोचाने पटकन पैसे देऊन निघणारा ग्राहक किंमत वाचत नाही, सुटे पैसे मोजत नाही आणि बिल तर मागतच नाही. बिल नसले की तक्रारीला आधार राहत नाही. विकत घेतलेले औषध शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क १९४० च्या अधिनियमाच्या कलम २६ ने ग्राहकाला दिला आहे, पण तो वापरतानाही औषध कोठून घेतले हे दाखवावे लागते.

चिठ्ठीचा खर्च वाचतो, हे चिठ्ठीविना खरेदीचे नेहमीचे समर्थन आहे. त्यात तथ्य आहे. खासगी तज्ज्ञाचे तपासणी शुल्क गोळ्यांच्या पाकिटाच्या कितीतरी पट असते. मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. या परिसराला सर्वांत जवळचे मोठे शासकीय रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. उपाशीपोटी रक्तातील साखर तपासण्याचा खर्च खासगी प्रयोगशाळेतही चार गोळ्यांच्या पाकिटापेक्षा सहसा अधिक नसतो. कामाचा एक दिवस बुडणे हा खर्च मात्र रोजंदारीवरील माणसासाठी खरा आहे, आणि तो कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

नायट्रेटशी संयोग

या औषधांचा सर्वांत गंभीर धोका नायट्रेट वर्गातील हृदयविकाराच्या औषधांशी होणाऱ्या संयोगात आहे. छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही गोळी महाराष्ट्रातील असंख्य घरांत ठाऊक आहे. काही जण ती खिशातच बाळगतात. तिच्यातील आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट हे नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड देते. एक औषध सीजीएमपीची निर्मिती वाढवते व दुसरे त्याचे विघटन थांबवते. परिणामी रक्तवाहिन्या एकाएकी प्रमाणाबाहेर सैलावून रक्तदाब कोसळू शकतो व मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याने ही औषधे मुळीच घ्यायची नसतात. उलट, सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान २४ तास व टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देऊ नये, असा वैद्यकीय दंडक आहे.

चिठ्ठीविना खरेदी प्राणावर बेतते ती येथे. रात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला घरची मंडळी किंवा शेजारी सद्भावनेने सॉर्बिट्रेट देतात, किंवा रुग्णालयात नायट्रेटचे इंजेक्शन सुरू होते. गोळीची चिठ्ठी नाही, बिल नाही, पत्नीलाही कल्पना नाही. डॉक्टरांना सांगू शकणारा एकमेव माणूस वेदनेत असतो किंवा मुलांसमोर बोलण्यास लाजतो. तातडीच्या विभागात या गोळीविषयी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे हा उपचाराचाच भाग आहे आणि तो प्रश्न एकांतात विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे.

पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी अल्फा-रोधक औषधे, रक्तदाबाच्या काही गोळ्या, एरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल व एचआयव्हीवरील रिटोनाविर यांच्यासोबतही खबरदारी लागते. दारूने रक्तदाब आणखी उतरतो, आणि मूळ तक्रारही वाढते.

दडून राहणारा आजार

लिंगातील धमन्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, तर हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार मिलिमीटर असतो. धमन्यांच्या अस्तराचा बिघाड व त्यांत चरबी साचणे शरीरभर एकाच वेळी चालू असले, तरी अरुंद नळी आधी अपुरी पडते. म्हणून लिंगशैथिल्य हे हृदयविकाराचे पूर्वचिन्ह असू शकते. ते कित्येकदा छातीतील लक्षणांच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. मधुमेहाचेही पहिले लक्षण काही वेळा हेच असते. गोळीने तक्रार तात्पुरती मिटली की तपासणीचे कारणच मिटते, आणि मिळालेला अवधी वाया जातो. एरवी तरुण व निरोगी माणसाची अडचण पुष्कळदा चिंतेतून आलेली असते. त्याला समुपदेशनाने गुण येतो. गोळीने मात्र ‘हिच्यावाचून जमणार नाही’ अशी मानसिक सवय लागू शकते.

भेसळ, जाहिराती व पर्यायी बाजार

दुकानातही जाण्याचा संकोच असणारे ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ कॅप्सूलकडे वळतात. अशा उत्पादनांत न जाहीर केलेले सिल्डेनाफिल वा टाडालाफिल सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. नायट्रेट घेणारा रुग्ण ‘निव्वळ वनस्पती’ समजून ते घेतो, म्हणून हा प्रकार उघड गोळीपेक्षा घातक. रस्त्यावर विकले जाणारे ‘सांड्याचे तेल’ ज्या सरड्याच्या चरबीपासून काढल्याचे सांगतात, तो सांडा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे आणि त्या तेलाचा लिंगशैथिल्यावर उपयोग सिद्ध झालेला नाही.

लोकल गाड्यांच्या डब्यांत व स्थानकांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’ अशा मथळ्यांची पत्रके चिकटवलेली दिसतात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार लैंगिक सुखाची क्षमता टिकविण्याचा वा वाढविण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात प्रतिबंधित आहे. पत्रके तरीही लागत राहतात.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने व शास्त्राला धरून लिहिण्याची परंपरा मात्र जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३ पर्यंत चालले आणि त्यासाठी त्यांना खटलेही सोसावे लागले. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’ या पुस्तकाला मोठा वाचकवर्ग लाभला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला.

अन्य देशांतील व्यवस्था

चिठ्ठीचा आग्रह काही देशांनी सैल केला आहे, परंतु विचारपूस सोडलेली नाही. न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून प्रशिक्षित फार्मासिस्ट ठरावीक प्रश्नावलीनंतर सिल्डेनाफिल देऊ शकतात. पोलंडमध्ये २०१६ पासून २५ मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीवाचून मिळते. ब्रिटनने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५० मिलिग्रॅमच्या ‘व्हायग्रा कनेक्ट’ला चिठ्ठीतून मुक्त केले आणि मार्च २०१८ मध्ये ती दुकानांत आली, चार गोळ्यांची किंमत तेव्हा १९.९९ पौंड होती. तेथे फार्मासिस्ट हृदयविकार, रक्तदाब व चालू औषधे यांविषयी विचारतो, नायट्रेट घेणाऱ्याला गोळी नाकारतो आणि ग्राहकाला लवकरच डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो. भारतीय बनावटीच्या कामाग्राला ब्रिटनमध्ये परवाना नसल्याने तिची विक्री तेथे बेकायदा आहे.